ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी स्वस्त मदरबोर्ड कसा पारखावा

पुण्यात टिळक रोडवर किंवा सदाशिव पेठेत कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘ऑफिसकामासाठी बोर्ड दाखवा’ म्हटले की काउंटरवर चार-पाच खोकी येतात. बहुतेकांवर एच६१० किंवा ए५२० असे चिपसेटचे, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचे, नाव लिहिलेले असते आणि भावात पाचशे-हजाराचा फरक असतो. दुकानदार सांगेल, ‘सगळे सारखेच आहेत.’ वेगापुरते ते खरे आहे. टॅली, एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल यांचा वेग प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी ठरवतात. सहा-सात हजारांच्या बोर्डावर इंटेलचा आय३ प्रोसेसर जसा चालतो तसाच तो पंधरा हजारांच्या बोर्डावर चालतो.

बोर्डावर ज्या गोष्टी ठरतात त्या दुकानात दिसत नाहीत, ऑफिसात आल्यावर दिसतात. जुना मॉनिटर लागतो की नाही, डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटर आणि स्कॅनर एकाच वेळी लावायला पोर्ट पुरतात की नाही, तीन वर्षांनी रॅम वाढवता येते की नाही, बिघडला तर तसाच दुसरा मिळतो की नाही. म्हणून पारख चिपसेटच्या नावापासून सुरू करू नका. तुमच्या टेबलावरच्या वायरींपासून सुरू करा.

आधी टेबलावरची यादी

कॉम्प्युटरला जे जे जोडायचे आहे ते सगळे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे त्याच्या वायरीचे टोक कसे आहे ते लिहा. सीए किंवा करसल्लागाराच्या ऑफिसात ही यादी साधारण अशी होते: कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, डीएससी (डिजिटल सहीचे) टोकन, यूपीएसची यूएसबी वायर, बॅकअपची हार्ड डिस्क, वेबकॅम. म्हणजे आठ यूएसबी झाले. स्वस्त बोर्डाच्या मागच्या पट्टीवर बहुधा सहाच असतात, त्यांतले चार यूएसबी २.० आणि दोन ३.२ जेन १, म्हणजे जुन्या नावाने ३.०. उरलेले दोन कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने मिळतात, पण त्यासाठी बोर्डावर तेवढे हेडर, म्हणजे पुढच्या पोर्टांची वायर लावायचे पिनांचे संच, हवेत. यूएसबी २.० चे हेडर ९ पिनांचे असते, ३.० चे १९ पिनांचे. तुमच्या कॅबिनेटला निळा पोर्ट असेल आणि बोर्डावर १९ पिनांचे हेडर नसेल, तर तो पोर्ट शोभेपुरताच राहतो.

डीएससी टोकन आणि बॅकअपची डिस्क स्वस्त यूएसबी हबवर लावू नका. त्या हबला स्वतःची वीज नसते. डिस्क मध्येच सुटते आणि टोकन ऐन जीएसटी भरताना ‘सापडत नाही’ असे सांगते.

मॉनिटरकडे नीट पाहा. जुन्या मॉनिटरला फक्त निळे व्हीजीए टोक असेल तर बोर्डावर व्हीजीए हवेच. एचडीएमआयचे व्हीजीए करणारे छोटे कन्व्हर्टर मिळतात, पण रोज आठ-दहा तास चालणाऱ्या यंत्रात ते सर्वांत आधी दगा देते. दोन मॉनिटर लावायचे असतील तर एकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए, अशी जोडी बहुतेक बोर्डांवर चालते. फोर-के मॉनिटर असेल तर एचडीएमआयची आवृत्ती विचारा. काही स्वस्त बोर्डांवर ती १.४ असते. तिच्यावर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवरच चालते आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. ६० साठी २.० किंवा पुढची आवृत्ती हवी. फुल एचडी मॉनिटरला १.४ पुरते.

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत आणि घाऊक दुकानांत आणखी दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे वजनकाटा किंवा जुने यंत्र, ज्याला सीरियल पोर्ट लागतो. दुसरा म्हणजे कार्बन प्रती काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ज्याला कधी पॅरलल पोर्ट लागतो. एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर सीरियलचे हेडर असते, पण पोर्ट मागच्या पट्टीवर नसतो. त्याची वायर आणि पत्र्याची पट्टी वेगळी घ्यावी लागते. ती शंभर-दोनशे रुपयांना मिळते, मात्र विकत घेण्याआधी हेडरची पिनरचना बोर्डाच्या मॅन्युअलशी ताडून पाहा, कारण बाजारात दोन वेगवेगळ्या रचनांच्या वायरी आहेत. चुकीची लावली तर काही जळत नाही, पण काटा वजन पाठवत नाही आणि माणूस उगाच सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

सॉकेट: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलकडे एलजीए१७०० या सॉकेटवर १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. ऑफिससाठी आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० आणि एच६१० बोर्ड ही सरळ जोडी आहे. एएमडीकडे एएम४ वर रायझन ५ ५६००जी आणि ए५२० बोर्ड. एएम५ पुढची काही वर्षे चालणारा सॉकेट आहे, पण त्यावर नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच चालते, म्हणून एकूण खर्च वाढतो.

प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षराकडे डोळेझाक करू नका. इंटेलच्या नावाला ‘एफ’ लागला असेल तर आत ग्राफिक्स नाही. एएम४ वर ५६०० किंवा ५५०० मध्येही ग्राफिक्स नाही, ‘जी’ असलेल्यात आहे. असा प्रोसेसर बोर्डावर बसतो, पंखा फिरतो, पण बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येत नाही. मग बोर्ड खराब म्हणून परत नेला जातो आणि दुकानात भांडण होते. बोर्डाचा त्यात काही दोष नसतो.

आता टाळायचे काय. बाजारात अडीच-तीन हजारांत ‘नवा’ एच६१ किंवा एच८१ बोर्ड मिळतो, वर वेगवान एनव्हीएमई एसएसडीचा स्लॉटसुद्धा असतो. एच६१ हा इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी आणि एच८१ चौथ्या पिढीसाठी आहे. बोर्ड नवा जोडलेला असला तरी त्यावरची चिप बहुतेकदा जुन्या बोर्डांवरून काढलेली असते आणि प्रोसेसर तर जुनाच बसतो. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसरमधली तशीच सोय) लागते. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे रिटर्न होतात त्यावर असा बोर्ड बसवू नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. जुना कॉम्प्युटर घरात मुलांच्या टायपिंगसाठी चालू ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड ब्रँडेड डेस्कटॉपही पुण्यात भरपूर मिळतात आणि आठव्या पिढीपासूनचे असतील तर कामाला चांगले असतात. त्यांची एकच अडचण आहे. त्यांचा बोर्ड आणि एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) कनेक्टर त्या कंपनीच्याच पद्धतीचे असतात. बोर्ड गेला तर बाजारातला साधा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसत नाही.

माहितीच्या पानावर काय वाचायचे

मॉडेलचे पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरचे स्पेसिफिकेशनचे पान उघडा. पूर्ण म्हणजे शेवटच्या अक्षरापर्यंत. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत येतो आणि फरक फक्त शेवटच्या ‘डी४’ मध्ये असतो. दोन्ही प्रकारच्या रॅमला २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एका प्रकारची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. तुमच्या जुन्या यंत्रात डीडीआर४ च्या चांगल्या स्टिक असतील तर डीडीआर४ चाच बोर्ड घ्या, वाचलेले पैसे एसएसडीला लावा.

एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात. सुरुवातीला ८ जीबीची एक स्टिक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणे वाईट नाही. पण बजेट असेल तर ८-८ च्या दोन घ्या. प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच वापरते आणि दोन स्टिक असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. रायझन जी मालिकेत हा फरक चांगला जाणवतो. पुढे १६ च्या वर जाण्याची खात्रीच असेल तर १६ ची एक स्टिक घेऊन ठेवा, नाहीतर दोन्ही ८ च्या काढून विकाव्या लागतात.

एम.२ स्लॉटबद्दल, म्हणजे एसएसडी थेट बोर्डावर बसते त्या जागेबद्दल, तीन गोष्टी पाहा. तो आहे का, तो एनव्हीएमईसाठी जेन ३ च्या चार लेनचा आहे का (जेन म्हणजे जोडणीची पिढी, लेन म्हणजे डेटाची वाट), आणि त्यात जुन्या, हळू साटा प्रकारची एम.२ एसएसडी चालते का. एच६१० वर एम.२ ची वाट चिपसेटमधून जाते आणि ती जेन ३ च असते. म्हणून जेन ४ ची महाग एसएसडी घेऊन उपयोग नाही, ती जेन ३ च्या वेगानेच चालेल. काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटा एसएसडी ओळखलीच जात नाही. जुन्या लॅपटॉपमधली साटा एम.२ वापरायचा बेत असेल तर हे आधी बघा.

लॅन, म्हणजे नेटवर्कचे पोर्ट, १ जीबीपीएसचे हवे. आज नव्या बोर्डांवर ते असतेच, पण टाळायला सांगितलेल्या त्या जुन्या चिपसेटच्या बोर्डांवर कधी १०० एमबीपीएसचे निघते. टॅलीचा डेटा एका यंत्रावर ठेवून चौघे उघडत असतील तर हा फरक दिवसभर अंगावर येतो.

आणि व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. सॉकेटच्या डावीकडे आणि वर चौकोनी कॉइल दिसतात, तो. स्वस्त बोर्डांवर त्याला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, नसतो. आय३ साठी काळजी नको. आय३-१२१०० जास्तीत जास्त ८९ वॉटपर्यंत जातो. आय५-१२४०० ची मर्यादा ११७ वॉट आहे, तोही ऑफिसकामात क्वचितच तिथे पोहोचतो. पण १८० वॉटपर्यंत जाणारा आय७ अशा उघड्या व्हीआरएमवर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तासभर व्हिडिओ रेंडर केला की व्हीआरएम तापतो, बोर्ड वीज कमी करतो आणि आय७ हा आय५ सारखा चालू लागतो. तसे काम असेल तर हीटसिंक असलेला बी६६० किंवा बी७६० घ्या. फक्त टॅली, ईमेल आणि एक्सेल असेल तर त्यासाठी जादा पैसे घालू नका.

शेवटी त्याच पानावर प्रोसेसरची यादी उघडा. प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची, कोणती आवृत्ती लागते ते लिहिलेले असते. दुकानात पडून राहिलेला एच६१० बोर्ड १२ व्या पिढीच्या काळातल्या बायोसचा असू शकतो आणि त्यावर १४ व्या पिढीचा प्रोसेसर चित्रच देत नाही. प्रोसेसर न बसवता बायोस भरण्याची सोय स्वस्त बोर्डांवर बहुधा नसते. म्हणून घेतानाच दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून घ्या.

पैसे देण्याआधी काउंटरवर

खोके काउंटरवरच उघडायला सांगा. एलजीए१७०० मध्ये पिना बोर्डावर असतात, १७००. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिनांची टोके एकाच दिशेने, एकसारख्या रांगेत चमकली पाहिजेत. कुठे एक ठिपका गडद दिसला किंवा रांग मोडलेली वाटली तर बोर्ड परत करा. वाकलेली पिन ‘फिजिकल डॅमेज’ समजली जाते आणि वॉरंटीत बसत नाही. घरी गेल्यावर दिसली तर ती तुमच्यामुळेच वाकली असे धरले जाते. ते काळे झाकण जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीला देताना ते सॉकेटवर लागते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे प्रोसेसर तपासा.

मग खोक्यावरचा सीरियल नंबर आणि बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर जुळवा. मागच्या पट्टीचा पत्रा, साटा वायर आणि एम.२ चा छोटा स्क्रू आहे का ते पाहा. हा स्क्रू हमखास हरवलेला असतो आणि मग एसएसडी चिकटपट्टीने दाबून ठेवलेली आढळते.

बिल जीएसटीचेच घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ऑफिसचा जीएसटी क्रमांक बिलावर असेल तर नियमात बसते तेवढे इनपुट क्रेडिट मिळते. ‘बिलाशिवाय पाचशे कमी’ या बोलण्याला भुलू नका. नामांकित कंपन्या बोर्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी देतात, ती मागताना बिलच लागते. वॉरंटीसाठी बोर्ड दुकानात द्यायचा की सर्व्हिस सेंटरला आणि ते सेंटर पुण्यात आहे का, हे दोन प्रश्न तिथेच विचारून टाका. मुंबईला पाठवावा लागणार असेल तर तेवढे दिवस ऑफिस कशावर चालेल याचा विचार आत्ताच करावा लागतो.

बसवताना होणारे घोळ

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या खुंट्या) बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्या. बोर्डाखाली जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकतो आणि शॉर्ट होतो. पंखा क्षणभर फिरून थांबतो, हे त्याचे नेहमीचे लक्षण.

स्वस्त मायक्रो एटीएक्स बोर्ड पूर्ण २४४ मिमी रुंद नसतात. त्यांची उजवी कड अधांतरी राहते, खाली स्क्रू नसतो. आणि २४ पिनांचा जाड प्लग नेमका त्याच कडेला लागतो. तो दाबताना बोर्डाखाली बोटांचा आधार द्या. जमल्यास प्लग आणि रॅम बोर्ड बाहेर असतानाच एकदा लावून-काढून सैल करून घ्या. बोर्ड वाकला की आतले बारीक टाके तडकतात आणि महिन्याभराने ‘कधी चालू होतो, कधी नाही’ अशी तक्रार सुरू होते.

इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याला चार क्लिप असतात. तिरक्या समोरासमोरच्या दोन-दोन एकत्र दाबा, प्रत्येकीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. मग मागून पाहा, चारही काळी टोके पूर्ण बाहेर आलेली असावीत. एक जरी अर्धवट असली तरी प्रोसेसर बायोसमध्येच ८०-९० अंशांवर जातो. जुन्या एलजीए१२०० चा कूलर इथे सरळ बसत नाही; त्याच्या भोकांतले अंतर ७५ मिमी होते, १७०० चे ७८ मिमी आहे.

जुना एसएमपीएस वापरत असाल तर प्रोसेसरचा १२ व्होल्टचा प्लग पाहा. बोर्डावर ८ पिनांची जागा आणि एसएमपीएसला ४ पिनांचाच प्लग असे झाले तर आय३ चालतो, पण आय५ साठी नवा एसएमपीएस घ्या. कॅबिनेटसोबत फुकट आलेला हलका एसएमपीएस चांगल्या बोर्डाचा पहिला शत्रू आहे.

पहिल्या आठवड्यातली तपासणी

दोष निघाला तर पहिल्या काही दिवसांतच दुकानदार बोर्ड बदलून देतो, नंतर दुरुस्तीची रांग लागते. म्हणून तपासणी लगेच करा.

बायोसमध्ये जाऊन रॅम पूर्ण दिसते का, तिचा वेग बरोबर आहे का आणि प्रोसेसरचे तापमान किती आहे ते बघा. बायोसमध्ये ३५ ते ५० अंश ठीक. इंटेलवर पीटीटी किंवा एएमडीवर एफटीपीएम (टीपीएमचीच त्या-त्या कंपनीची नावे) चालू आहे का पाहा, विंडोज ११ ला तेच लागते. मग रात्री रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ लावून झोपा. चार फेऱ्यांत एकही चूक दिसता कामा नये. चूक आली तर स्टिक एकेक करून, स्लॉट बदलून पुन्हा तपासा. चूक स्टिकबरोबर फिरली तर दोष रॅमचा, स्लॉटपाशीच राहिली तर बोर्डाचा किंवा सॉकेटमधल्या पिनांचा.

विंडोज टाकल्यावर पेन ड्राइव्ह प्रत्येक यूएसबी पोर्टात लावून एखादी मोठी फाइल कॉपी करा, पुढच्या पोर्टांसकट. एनव्हीएमईचा वेग क्रिस्टलडिस्कमार्कने मोजा. चांगली जेन ३ एसएसडी वाचताना सेकंदाला ३,००० एमबीच्या आसपास जाते. आकडा १,७०० च्या पलीकडे जातच नसेल तर स्लॉट दोनच लेनचा असू शकतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग १००० दिसला पाहिजे. १०० दिसला तर बोर्डाला दोष देण्याआधी वायर बदला. आठांपैकी चारच तारा जोडलेली वायर नेमके हेच करते. यंत्र स्लीपमध्ये टाकून चार-पाच वेळा उठवा.

वीज आणि पावसाळा

गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली की ती परत येताना कधी दोन-तीनदा ये-जा करते. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हा पर्याय असतो. साध्या ऑफिस यंत्रासाठी तो बंद ठेवा, म्हणजे त्या धक्क्यांत यंत्र आपोआप चालू-बंद होत नाही. टॅलीचा डेटा ज्या यंत्रावर आहे आणि जे यूपीएसवर आहे तिथेच तो चालू ठेवा. एका यंत्राला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीही लावू नका, तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग अनेकदा नसते किंवा तुटलेले असते. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हेच कारण. एसएमपीएसमधले फिल्टर पत्र्यावर जवळजवळ निम्मा व्होल्टेज आणून ठेवते आणि ते जायला जागा नसते. मग प्रिंटरची यूएसबी वायर लावताना ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंग नसताना जळालेला पोर्ट वॉरंटीत बसवून घेणे फार कठीण जाते.

जून ते सप्टेंबर यंत्र आठवडाभर बंद राहिले आणि नंतर चित्र आले नाही, तर आधी वीज काढून रॅम बाहेर काढा. तिचे सोनेरी टोक साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, खोडरबराचा भुसा झटकून परत बसवा. वाकड-खराडीकडे बांधकामाची धूळ आत जात असेल तर सहा महिन्यांतून एकदा ब्लोअर मारा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळी भिरभिरली तर त्याचे बेअरिंग जाते.

दोन-तीन वर्षांनी दर सकाळी घड्याळ मागे गेलेले दिसेल आणि बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणेल. तेव्हा बोर्ड दुकानात नेऊ नका. बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटणसेल उतरला आहे. मीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदला. बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे वीज परत आल्यावरचा पर्याय आणि बूटचा क्रम पुन्हा तसाच लावता येतो.